कोणते वानखडे?

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शिलापाशी कुणाचीच जीभ अडखळत नाही. खोटं बोलणार नाही. गाथा पाठ आहे, सूर लागलेला आहे, हात जोडलेले आहेत. पण शील म्हणजे काय हे ते मोडायची वेळ आल्यावरच कळतं. आमच्या भातकुलीत तशी वेळ आली आणि वस्तीतली चळवळीची पोरं दोन गटांत फुटली. तो वाद अजून मिटलेला नाही. मी गिरणी कामगार. दहावीनंतर शाळा सुटली, कॉलेज बाहेरून पाहिलं. जे वाचलं ते विहाराच्या कपाटातलं आणि रद्दीतलं. तरीपण या वादात माझं एक म्हणणं आहे, ते इथं मांडतो.

गोष्ट अशी. आमच्या वस्तीतलं एक पोरगं अमरावतीला बी.एस्सी. करतं. त्याचं नाव सांगत नाही, आडनाव सांगतो. वानखडे. सगळा खेळ आडनावाचाच आहे. आता वऱ्हाडात वानखडे कोण नसतं? कुणब्यांत वानखडे आहेत, बौद्धांत वानखडे आहेत, आणखी जातींतही आहेत. इंगळ्यांचं तसंच, तायड्यांचं तसंच. आडनावावरून जात उघडी पडत नाही, ही आमच्या मुलखाची गंमत. म्हणून इथल्या माणसाचं एका प्रश्नावर भागत नाही. तो दुसरा विचारतो, "कोन्ते वानखडे?"

भातकुली अमरावतीपासून लांब नाही. पण प्रॅक्टिकल सुटेस्तोवर संध्याकाळ होते, एस.टी. निघून जाते, आणि घरी आल्यावर एका खोलीत सहा माणसं. शासकीय वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही. मग खोली शोधणं आलं. व्हीएमव्ही रोडला पाहिली, गाडगे नगरात पाहिली, काठोरा नाक्याकडं पाहिली. पाट्या भरपूर. ‘विद्यार्थ्यांसाठी खोली देणे आहे’. खाली बारीक अक्षरात, ‘शाकाहारी’. पोरगं दार वाजवायचं. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा प्रश्न कोणते. दोन ठिकाणी त्यानं खरं सांगितलं, "बौद्ध." दोन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं. "अरे, खोली तर कालच भरली बेटा." पाटी तशीच लटकलेली.

तिसऱ्या ठिकाणी घरमालकीण चांगली होती, पाणी दिलं, विचारपूस केली. "कोन्ते वानखडे? घरी गनपती बसते का? कुलदैवत कोन्तं?" पोरानं सांगितलं, "कुणबी." खोली मिळाली. बाबासाहेबांचा फोटो पेटीत कपड्यांखाली गेला. वर्ष सुरळीत सुरू झालं.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. आपलाच एक कार्यकर्ता त्या गल्लीतून जात होता. पोरगं मालकिणीसोबत फाटकात उभं. ह्यानं मोठ्यानं आवाज दिला, "जयभीम!" पोरानं खाली पाहिलं आणि म्हणालं, "नमस्कार." बस. तेवढंच. त्या एका शब्दावरून आता वस्तीत त्याला गद्दार म्हणतात. विहाराच्या पायरीवर त्याच्या बापाला टोमणे बसतात. बाप बिचारा बिगारी कामावर जातो, त्याला समजत नाही की पोरगं शिकतंय याचा आनंद करावा की तोंड लपवावं.

प्रश्न असा आहे : खोलीसाठी जात लपवणारा माणूस शील मोडतो का? आणि तो आपल्याला विकतो का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकत्र कालवतो आणि मग चिडतो.

पहिल्यांदा खोटं कोण बोललं ते पाहू. माझा हिशेब साधा आहे. खोली रिकामी असताना "भरली" म्हणणारा खोटं बोलला. त्याला कुणी गद्दार म्हणत नाही, पापी म्हणत नाही, खोटारडासुद्धा म्हणत नाही. ती रीत झाली. घरमालकाचं खोटं हे ‘अडचण’ असतं आणि भाडेकरूचं खोटं हे ‘फसवणूक’ असतं. शील सगळ्यांना सारखं लागू असेल तर सुरुवात तिथून करा. अस्पृश्यता घटनेनं १९५० साली संपवली. १९५५ च्या कायद्यानं, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेपायी राहत्या जागेत अटकाव करणं गुन्हा ठरवलं. म्हणजे ज्या उत्तरावरून खोली नाकारायची, ते उत्तर मागायचा हक्क त्या दारात उभ्या माणसाला नाहीच. चोर घरात शिरून "सोनं कुठं ठेवलं?" विचारतो तेव्हा खरं सांगणं हे शील नाही. ज्याला विचारायचा अधिकार नाही त्याला खऱ्याची उधारी लागत नाही.

पण एवढ्यावर वाद संपत नाही, कारण आपली पोरं म्हणतात, बाबासाहेबांनी कधी जात लपवली का? छाती काढून विचारतात. मी म्हणतो, वाचा.

१९१७ साल. बाबासाहेब कोलंबियात शिकून, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचा करार होता, दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. ते बडोद्याला उतरले आणि पहिला प्रश्न पडला तो खुर्चीचा नाही, कोर्टाचा नाही, ग्रंथाचा नाही. राहायचं कुठं? हिंदू खानावळीत जात विचारणार. तेव्हा ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथला माणूस म्हणाला, ही जागा फक्त पारशांची. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचं या अटीवर जागा मिळाली. रोजचं भाडं दीड रुपया. वरच्या मजल्यावर एकटं राहणं, विजेचा दिवा नाही, रात्री एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर पारशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. दोन मित्र होते गावात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सोय केली नाही. मग हा जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेला माणूस बागेत जाऊन बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला.

हे कुणा दुष्मनानं लिहिलेलं नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाच्या छोट्या आठवणींत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९९० मध्ये छापलं. त्यात त्यांनी पारशी नावाची गोष्ट झाकलेली नाही. सजवलेलीही नाही. घडलं तसं सांगितलं.

तर मग काय म्हणायचं? बाबासाहेबांनी चौथं शील मोडलं? त्यांनी समाजाला विकलं? कुणाची हिंमत आहे? आणि बडोद्यात जे गुन्हा नव्हतं ते अमरावतीत गुन्हा कसं होतं?

तुम्ही म्हणाल, मग झालं, पोरगं निर्दोष. थांबा. बडोद्यानंतर दहा वर्षांनी, १९२७ च्या २० मार्चला तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. आता विचार करा. पाणीच प्यायचं होतं तर रात्री अंधारात गुपचूप पिता आलं नसतं का? तहान भागली असती. कुणाला कळलं नसतं. दगड पडले नसते. पण तळं खुलं झालं नसतं. महाडला आपण आहोत ते म्हणून पाणी प्यायचं होतं. तिथं नाव लपवलं असतं तर सगळा सत्याग्रहच वाया गेला असता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आपल्या अमरावतीला आले होते, परिषदेचे अध्यक्ष म्हणून. अंबादेवीच्या दाराचा प्रश्न तेव्हा पेटला होता. कुणी जात लपवून अंबादेवीचं दर्शन घेऊन आला असता तर त्याला देवी दिसली असती, बाकीच्यांना दार दिसलं नसतं.

मला यातून जे समजलं ते असं. तहान वेगळी आणि हक्क वेगळा. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तेव्हा तहान म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. तहानलेला माणूस रात्री चोरून पाणी पितो, त्याला मी चोर म्हणणार नाही, गद्दार तर नाहीच. त्याला प्यावंच लागतं. पण त्यानं उद्या असंही म्हणू नये, की बघा, मी प्यालो, पाण्याचा प्रश्न सुटला. १९१७ ला बडोद्यात तहान होती. १९२७ ला महाडला हक्क होता. आणि तो हक्क मुंबई हायकोर्टानं कागदावर आणला तो १९३७ ला. एका माणसाच्या आयुष्यात वीस वर्षं. आपण मात्र कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराकडून ती वीस वर्षं एका संध्याकाळी, एका फाटकात, एका शब्दात मागतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. खोलीसाठी "कुणबी" म्हणणं हे शील मोडणं नाही. त्या खोट्याचा मालक घरमालक आहे. ते त्यानं दारात तयार करून ठेवलं होतं, पोरानं फक्त उचललं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे. तो आपल्याला विकतो का?

मी सुट्टीच्या दिवशी त्याच्या आईनं दिलेलं पीठ आणि तिखट घेऊन त्याच्या खोलीवर जातो. खाली मालकिणीला सांगतो, "गावचा आहो." ती मला काही विचारत नाही, माझ्या कपड्यांवरून तिला उत्तर मिळत असावं. एकदा पोरानंच मला सांगितलं, त्याला कुणाजवळ तरी बोलायचं होतं. घरात शिष्यवृत्तीचा विषय निघाला. मालकाचा मुलगा म्हणाला, ह्या लोकांचं बरं आहे, मार्क नसले तरी ॲडमिशन, वर सरकारचे जावई. सगळे हसले. आणि हेही हसलं.

मी विचारलं, "तू काऊन हासला बे?"

ते म्हणालं, "भाऊ, सगळे हासत होते. मीच एकटा नसतो हासलो त दिसलं असतं ना."

मित्रांनो, माझ्या मते लपण्याची हद्द इथं संपते. फाटकातल्या "नमस्कार"पाशी नाही, या हसण्यापाशी. फरक समजून घ्या. जात लपवली तेव्हा त्यानं फक्त स्वतःला झाकलं. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. मालकिणीला भाडं वेळेवर मिळतं, खोली स्वच्छ राहते. पण तो हसला तेव्हा त्यानं दुसऱ्याला उघडं पाडलं. त्या वेळी कुठंतरी दुसरं आपलं पोरगं दार वाजवत होतं, आणि ह्याच्या हसण्यानं ते दार आणखी घट्ट लागलं. आता ते खोटं मालकाचं राहिलं नाही. त्यात ह्याचा हिस्सा पडला.

मी त्याला तोंडावर सांगितलं. लपायचं तर लप, पण लपल्या जागेवरून दगड मारू नको. तुला "मी तोच आहे" म्हणायची ताकद आज नसेल. पण "असं बोलू नका, माझे मित्र आहेत त्यांच्यात, रात्ररात्र अभ्यास करतात" एवढं तर कुणबी म्हणूनही बोलता येतं ना? खऱ्या कुणब्यानं तसं बोलायला पाहिजे की नाही? पंजाबराव देशमुख कुणबी नव्हते? त्यांनी १९२६ च्या सुमारास याच अमरावतीत मुष्टिफंडातून, म्हणजे घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून, गरीब पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. अंबादेवीच्या दारासाठी ते आपल्या बाजूनं उभे राहिले. तू कुणबी झालाच आहेस तर मग पंजाबरावांसारखा कुणबी हो.

ते काही बोललं नाही. मग म्हणालं, "भाऊ, तुमी सगळे मले खरं बोलाचं सांगता. पन झोपू कोठं, हे कोनी नाही सांगत."

मी हे वाक्य गिरणीत नेलं. रात्रपाळीला रिंग फ्रेमसमोर उभं राहून तुटलेले धागे सांधताना तेच डोक्यात. गिरणीच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, विचार करायला बरं पडतं. आमच्या धंद्याची एक जुनी गोष्ट कामगारांना माहीत असावी. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतखात्यात काम मिळे, विणखात्यात नाही. कारण काय? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमची उष्टी थुंकी त्यांच्या तोंडी लागायची. विणखात्यात पगार जास्त, आणि तिथं दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच मुद्दा ठेवला, की मालकाविरुद्ध आपण एक असू तर हे खातं आम्हाला खुलं करा. आता धोटे गेले, नवीन माग हवेच्या दाबावर धागा फेकतात, कुणाच्या तोंडाला तोंड लागत नाही. पण डबा खायला बसलं की कोण कुठं बसतं ते पाहा. यंत्र बदलतं. ‘कोणते?’ तसाच राहतो. कारण तो प्रश्न ओळख करून घ्यायचा नाहीच. तुझं तोंड कुठं लागलेलं चालेल आणि कुठं नाही, हे ठरवायचा तो प्रश्न आहे.

आता आपल्या कार्यकर्त्यांच्या रागाकडे येतो. तो राग मी समजतो. नामांतरासाठी माणसं मेली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपली घरं पेटली. ऑगस्टात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. नाव पाटीवर लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एका नावासाठी सोळा वर्षं. ज्या नावासाठी माणसं जळाली ते नाव एका भाड्याच्या खोलीसाठी गिळायचं? हा तुमचा सवाल आहे, आणि तो खोटा नाही.

पण मी उलट विचारतो. पोचिराम कांबळेंचं धैर्य आपण कुणाकडून वसूल करतो? धैर्य ही जयंतीची वर्गणी नव्हे, की पावतीपुस्तक घेऊन घरोघर जावं आणि न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहावं. ज्यानं जीव दिला त्याला आपण वंदन करू शकतो. दुसऱ्याला "तूही दे" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. तो अधिकार फक्त स्वतःपुरता असतो. मला ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मी माझा जीव पणाला लावीन, पण तुझा लावायला सांगणारा मी कोण? आणि जो कार्यकर्ता गल्लीतून जाताना मोठ्यानं जयभीम म्हणून पुढं गेला, तो त्या रात्री झोपला कुठं? स्वतःच्या घरी, आपल्या वस्तीत, जिथं कोणते म्हणून कुणी विचारत नाही. सुरक्षित जागेवरून दुसऱ्याच्या शौर्याची मोजणी करणं फार सोपं काम आहे.

ज्यांनी नाव न लपवता लढा दिला ती पोरंही आपण पाहिली. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलासह पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं. जानेवारी २०१६ च्या थंडीत त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिलं ‘वेलीवाडा’, म्हणजे त्यांच्याकडची आपली वस्ती. बाबासाहेबांचे फोटो उघड्यावर लावले. लपवलं काहीच नाही. १७ जानेवारीला रोहित आपल्यातून गेला. मी या दोन पोरांना एकमेकांसमोर उभं करून एकाला शूर आणि दुसऱ्याला भित्रा म्हणत नाही. मला त्या दोघांत सारखं काय आहे ते दिसतं. दोघांनाही शिकायला जागा मिळाली आणि झोपायला मिळाली नाही. विद्यापीठानं वर्गाचं दार उघडलं, गावानं घराचं उघडलं नाही. आपण साठ-सत्तर वर्षं वर्गाच्या दारासाठी भांडलो. बरोबरच केलं. पण विद्यार्थी वर्गात पाच तास असतो आणि खोलीत एकोणीस.

ही गोष्ट आपल्या आधीच्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळत होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं काढली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं, कॉलेज काढण्याच्या कितीतरी आधी. आणि अमरावती विद्यापीठ, जे १ मे १९८३ ला झालं, त्याला आज ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा. त्यांनी जन्मभर काय बांधलं? धर्मशाळा. पंढरपूरला आपल्या माणसांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या सोसायटीच्या हाती दिली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, चौदा दिवसांनी इथं वलगावजवळ गाडगेबाबा गेले. ज्या माणसानं बिननावाच्या माणसांना छप्पर दिलं त्याच्या नावाच्या विद्यापीठात शिकणारं पोरगं छपरासाठी नाव बदलतं. याहून मोठी शरमेची गोष्ट कोणती? पण ती शरम पोराची नाही.

सरकारनं २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली, बाबासाहेबांच्याच नावानं. वसतिगृह न मिळालेल्या पोरांना पैसे. अमरावतीसारख्या ठिकाणी वर्षाला ५१ हजार ठरवले, त्यात राहण्याचे १५ हजार. भागाकार केला तर महिन्याला साडेबाराशे. पैसे कमी की जास्त हा वाद बाजूला ठेवू. सरकार भाडं देऊ शकतं, भाड्यानं देणारा माणूस देऊ शकत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या महिमापूरचे, मिलिंद कॉलेजात शिकलेले सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्लीच्या आसपास भाड्याच्या घरांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१५ मध्ये आला. उच्चवर्णीयाला सहज घर मिळतं, दलिताला नकार मिळतो किंवा जाचक अटी, आणि मुसलमानाला त्याहून जास्त नकार. शेवटचा भाग आपण भाषणात सांगत नाही. मी मुद्दाम सांगतो. कारण बडोद्यात बाबासाहेबांना काढणारे पारशी होते आणि दार बंद करणाऱ्यांत ख्रिस्तीही होता. ‘कोणते?’ हा प्रश्न फक्त वरच्यांच्या तोंडात राहत नाही. तो खाली झिरपतो. अमरावतीत आपल्या साहेब लोकांचे बंगले झाले आहेत. वर दोन खोल्या भाड्याच्या. त्या दारात मातंगाचं पोरगं गेलं, मुसलमानाचं पोरगं गेलं, पारध्याचं गेलं, तर काय होतं? "खोली कालच भरली" हे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा. निघत असेल तर मग त्या पोराला गद्दार म्हणायच्या आधी आपल्याच पाटीखालचं बारीक अक्षर खोडा.

म्हणून माझं सांगणं दोन्हीकडे आहे. पोराला सांगणं : तुझं लपणं मला समजतं, पण लपून राहणं ही मुक्कामाची जागा नाही. बडोद्याच्या वहीतलं पारशी नाव बाबासाहेबांनी पुढं स्वतः जगाला सांगितलं. तूही एक दिवस सांग, लिहून ठेव, तारखेसकट, कोणत्या घरात काय विचारलं ते. आणि तोपर्यंत आपल्या माणसांवर हसू नको. परीक्षा झाल्यावर सांगीन म्हणतोस, ठीक. पण नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, घर बांधल्यावर सांगीन म्हणायला लागलास तर समज, की आता लपलेला माणूसच उरला, लपवायचं काही उरलं नाही.

कार्यकर्त्यांना सांगणं : त्याला खरं बोलायला लावायचं असेल तर खरं बोलून झोपता येईल अशी एक जागा आधी उभी करा. नुसता उपदेश करू नका. गिरणी कामगाराचा हिशेब सांगतो. एखाद्या वस्तीत दीडशे घरं धरा. घरटी महिन्याला पन्नास रुपये. साडेसात हजार झाले. एवढ्यात अमरावतीत दोन-तीन खोल्या भाड्यानं घेता येतात, सहा पोरं राहतात. मुष्टिफंड पंजाबरावांनी शंभर वर्षांपूर्वी धान्यानं केला, आपण पैशानं करू. या १४ एप्रिलला डी.जे. एक तास कमी वाजवला तर पहिल्या महिन्याचं भाडं निघतं. खोल्या घेतल्यावर बाहेर पाटी लावू. आडनाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. फक्त विचारायचं, कोणत्या वर्षाला आहेस आणि प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं.

मी माझे पन्नास लिहून ठेवले आहेत. बाकीच्या एकशे एकोणपन्नासांनी आपलं नाव सांगावं. आडनाव नाही सांगितलं तरी चालेल.

जयभीम.